सोसायटीच्या संकेतस्थळाची पासवर्ड फाइल : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट 2025

2 जून 2025, सोमवार

मासेमारी बंदी कालपासून सुरू झाली असून ती 31 जुलैपर्यंत राहील. दापोली तालुक्यातील आमच्या बंदरात बहुतेक नौका वर ओढून शाकारून झाल्या आहेत. यंदा पाऊस मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातच दाखल झाल्यामुळे काही नौकामालकांची त्यात मोठी धावपळ झाली. तांडेल आणि खलाशी गावातच असण्याचे हेच दोन महिने असल्याने मच्छीमार सोसायटीच्या संकेतस्थळावरील प्रवेशव्यवस्था याच काळात नव्याने उभी करायची, असे सचिवांशी बोलून ठरले आहे.

या संकेतस्थळाच्या सभासद विभागात प्रत्येकाचा डिझेल कोटा, परताव्याची थकबाकी, बँक खात्याचा क्रमांक आणि कर्जाचे हप्ते दिसतात. तो विभाग अपाची या सर्व्हरच्या (संकेतस्थळाची पाने पुरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) 'बेसिक' पद्धतीच्या प्रवेशतपासणीने बंद केलेला आहे, म्हणजे पान उघडताना ब्राउझर नाव आणि पासवर्ड विचारतो आणि सर्व्हर ते एका साध्या मजकूर फाइलशी ताडून पाहतो. त्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर एक सभासद असतो : आधी वापरकर्तानाव, मग अपूर्णविराम, मग पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेली सांकेतिक अक्षरमाला.

पहिल्याच तासात गंभीर गोष्ट आढळली. ती फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्येच 'यूजर्स.टीएक्सटी' या नावाने ठेवलेली होती, आणि ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकताच सगळी यादी पडद्यावर आली. अपाचीच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये 'डॉट एचटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइली बाहेर न देण्याचा नियम असतो, परंतु हिचे नाव वेगळे असल्यामुळे तो नियम तिला लागू होत नव्हता. फाइल तातडीने सार्वजनिक फोल्डरच्या पूर्णपणे बाहेर, '/ईटीसी/अपाची2' या निर्देशिकेत हलवली. मालकी रूटकडे (सर्व्हरच्या मुख्य प्रशासक खात्याकडे) आणि गट वेब सर्व्हरचा ठेवला. परवानगी 640 केली, जेणेकरून सर्व्हरला ती वाचता येईल पण लिहिता येणार नाही.

कोणी ती याआधी उतरवून घेतली होती का, हे लॉगमध्ये (सर्व्हरने ठेवलेल्या मागण्यांच्या नोंदींत) शोधले. डेबियन या सर्व्हरवरील लिनक्स प्रणालीच्या नेहमीच्या मांडणीप्रमाणे लॉग दररोज बदलतात आणि 14 दिवसांचेच राहतात, आणि त्या 14 दिवसांत तिची मागणी झाल्याची नोंद नाही. फाइल तिथे किती वर्षे होती हे पाहता या दोन आठवड्यांच्या शांततेवर विसंबणे मला मान्य नाही. यादी बाहेर गेली आहे असे धरूनच पुढचे काम करायचे, आणि ते मी सचिवांना आजच स्पष्टपणे सांगितले.

4 जून 2025

फाइलमध्ये 126 ओळी आहेत आणि तीन प्रकारचे हॅश आहेत. जमिनीच्या थरांवरून काळ ओळखावा तसे त्यांवरून काम कोणकोणत्या काळात झाले ते दिसते.

सर्वांत जुन्या 41 ओळी युनिक्सच्या पारंपरिक 'क्रिप्ट' पद्धतीच्या, तेरा अक्षरी आहेत. या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे विचारात घेतली जातात. समजा एखाद्या तांडेलाने रोमन लिपीत 'एकवीरा' हे सहा अक्षरी नाव लिहून पुढे 2019 जोडले, तर सर्व्हरच्या दृष्टीने त्याचा पासवर्ड 20 या आकड्यांपाशी संपतो, आणि 2019 ऐवजी 2099 लिहिले तरी दार उघडते. एका ज्येष्ठ सभासदांनी मागे मला सांगितले होते की त्यांचा पासवर्ड शेवटी चुकला तरी चालतो; तेव्हा मी त्यांचा काही गैरसमज झाला असावा असे मानले होते, पण त्यांचे निरीक्षण अचूक होते.

मधल्या 58 ओळी 'एसएचए' पद्धतीच्या आहेत. यात सॉल्ट नसते. सॉल्ट म्हणजे प्रत्येक पासवर्डमध्ये हॅश करण्यापूर्वी मिसळलेला वेगवेगळा यादृच्छिक तुकडा. तो असला की दोन माणसांचा पासवर्ड एकच असूनही हॅश निराळे दिसतात, आणि नसला की ते तंतोतंत सारखे दिसतात. या 58 पैकी 19 ओळींचा हॅश एकच आहे. मी लेखनिक ताईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो दादा, खिडकीवर गर्दी असायची, म्हणून सगळ्यांना कार्यालयाचा फोन नंबरच दिला जायचा, नंतर बदला असं सांगून." नंतर तो बदलण्याची सोयच संकेतस्थळावर नव्हती, त्यामुळे या 19 जणांना दोष देता येत नाही.

उरलेल्या 27 ओळी 'एपीआर1' या खुणेने सुरू होतात. ही अपाचीची स्वतःची, एमडी5 या जुन्या हॅशपद्धतीवर आधारलेली पद्धत आहे. तिच्यात सॉल्ट आहे आणि 1000 फेऱ्याही (तेच गणित पुन्हा पुन्हा करणे) आहेत, पण आजच्या संगणकांना त्या फेऱ्या फार नाहीत.

जुन्या हॅशचे नव्या पद्धतीत रूपांतर करता येईल का, असे सचिवांनी विचारले. ते शक्य नाही, कारण हॅशवरून मूळ पासवर्ड परत मिळू नये हाच त्याचा हेतू आहे. प्रत्येक सभासदाने नवा पासवर्ड स्वतः टंकायला हवा, आणि त्यासाठी त्याला कार्यालयात यावे लागेल.

सर्व्हरवरील आदेशांच्या इतिहासाची फाइलही पाहिली. आधी काम करणाऱ्या व्यक्तीने 'एचटीपासवर्ड' हा फाइलमध्ये पासवर्ड नोंदवणारा आदेश छोट्या 'बी'च्या पर्यायासह वापरलेला आहे, म्हणजे पासवर्ड आदेशाच्या ओळीतच लिहिलेला आहे. अशा आदेशांतून 20 हून अधिक पासवर्ड त्या इतिहासात उघडे पडून होते. इतिहास पुसला. हॅश कितीही भक्कम असला तरी शेजारच्या फाइलमध्ये मूळ शब्द पडून असेल तर त्याचा उपयोग शून्य.

9 जून 2025

बेसिक पद्धतीत ब्राउझर नाव आणि पासवर्ड बेस64 या सांकेतिक रूपात पाठवतो. ते कूटलेखन नव्हे. ते कोणालाही क्षणात उलगडता येते. संकेतस्थळ आजवर साध्या, कूटलेखन नसलेल्या एचटीटीपीवर चालत होते. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे, जोडणी कूटबद्ध (एचटीटीपीएस) करण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र बसवले. ते 90 दिवसांचे असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय केली आणि ते होते आहे याची चाचणी घेतली. प्रवेशतपासणीचे नियम फक्त एचटीटीपीएसच्या विभागात ठेवले आहेत. साध्या विभागात पुनर्निर्देशनाशिवाय काहीही ठेवलेले नाही, अन्यथा ब्राउझर आधी उघड्या जोडणीवर पासवर्ड विचारतो आणि मग सुरक्षित पत्त्यावर नेतो, आणि तोवर पासवर्ड वाटेत उघडा होऊन गेलेला असतो.

12 जून 2025

नवी पद्धत म्हणून 'बीक्रिप्ट' निवडली. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी ती 1999 मध्ये मांडली आणि अपाचीच्या एचटीपासवर्ड आदेशात ती 2.4.4 या आवृत्तीपासून मोठ्या 'बी'च्या पर्यायाने उपलब्ध आहे. तिचे वैशिष्ट्य असे की हॅश काढायला किती श्रम पडावेत हे आपल्याला ठरवता येते : श्रमांक एकाने वाढवला की काम दुप्पट होते. काही न सांगितल्यास आदेश 5 हा अंक घेतो आणि तो फार कमी आहे.

मी प्रथम 12 ठेवून पाहिले. एका तपासणीस आमच्या भाड्याच्या लहान सर्व्हरवर पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागला आणि तेवढा मला चालण्यासारखा वाटला. परंतु धक्क्यावर जाऊन फोनवरून पान उघडले तेव्हा ते रखडत उघडले आणि सर्व्हरवरचा भार एकदम चढला. कारण समजायला अर्धा दिवस गेला. बेसिक पद्धतीत प्रवेश 'एकदा केला की झाले' असे काही नसते. ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत पासवर्ड पुन्हा पाठवतो आणि सर्व्हर प्रत्येक वेळी तो नव्याने तपासतो. सभासदाच्या पानावर नौकांची छायाचित्रे, चिन्हे आणि शैलीफाइली (पानाचे रूप ठरवणाऱ्या फाइली) धरून 22 मागण्या होत होत्या, म्हणजे एका पानासाठी 22 वेळा बीक्रिप्ट चालत होते.

अपाचीत ओळखपत्रे साठवून ठेवणारे 'ऑथएन सोकॅश' हे मॉड्यूल (जोडभाग) आहे, ते जोडले. काहीच फरक पडला नाही. मॉड्यूलचे काम पुन्हा बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला : ते साठवते तो फाइलमधून मिळालेला हॅश, तपासणीचा निकाल नव्हे. हॅश एखाद्या दूरच्या डेटाबेसमधून आणावा लागत असेल तर त्याचा मोठा फायदा आहे, पण आमचा वेळ हॅश शोधण्यात जात नव्हता, तो ताडून पाहण्यात जात होता, आणि ते ताडणे साठवलेल्या हॅशवरही तितक्याच फेऱ्यांचे होते. मॉड्यूल काढून टाकले.

उपाय शेवटी साधा निघाला. नौकांची छायाचित्रे आणि शैलीफाइली यांत गुप्त असे काहीच नाही, म्हणून त्या बंद विभागाच्या बाहेर काढल्या. आता एका पानामागे तीनच तपासण्या होतात. श्रमांक 10 ठेवला आहे, ज्यात 12 च्या एक चतुर्थांश काम होते. धक्क्यावरच्या अशक्त नेटवर्कवरही पान आता विनातक्रार उघडते.

17 जून 2025

वापरकर्तानाव काय असावे यावर बैठकीत बराच वेळ चर्चा झाली. नौकेचा नोंदणी क्रमांक घ्यावा असे बहुतेकांचे म्हणणे होते, कारण तो सर्वांना पाठ असतो. मी विरोध केला. नौका विकली जाते, भावाभावांत वाटणी होते, आणि मग त्या क्रमांकाच्या मागे नेमका कोणता माणूस आहे हे सांगता येत नाही. सभासद क्रमांक घ्यायचे ठरले. तो माणसाला एकदाच मिळतो आणि सोसायटी तो दुसऱ्याला देत नाही.

पासवर्ड देवनागरीत ठेवता येईल का, असे एका तरुण सभासदाने विचारले आणि मला तो प्रश्न मनापासून आवडला, कारण आपल्या भाषेतला शब्द लक्षात ठेवायला सोपा असतो. दोन अडचणी आहेत. बीक्रिप्ट पहिले 72 बाइटच पाहते, आणि यूटीएफ-8 या अक्षरसंकेतनात देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, तीही काना, मात्रा, वेलांटी वेगळी धरून. म्हणजे 24 खुणांनंतरचे काही मोजले जात नाही. ही अडचण एक वेळ सोसता येईल. दुसरी मोठी आहे : बेसिक पद्धतीत रोमनेतर अक्षरे कोणत्या संकेतनात पाठवायची याबाबत ब्राउझर पूर्वीपासून एकसारखे वागलेले नाहीत; 2015 च्या आरएफसी 7617 या इंटरनेट मानकात यूटीएफ-8 ची शिफारस करण्याची सोय आली, पण सभासदांकडच्या जुन्या फोनांवर विसंबण्याची माझी तयारी नाही. तूर्तास मराठीच शब्द, पण रोमन लिपीत लिहिलेले, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून पासवर्ड करावा असे सुचवले आहे. स्वतःच्या नौकेचे नाव त्यात नसावे. ते नौकेवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलेच असते.

23 जून 2025, सोमवार

सोसायटीच्या सभागृहात आजपासून पासवर्ड नोंदणी सुरू झाली. 126 जुन्या ओळींपैकी सध्या प्रवेशाचा हक्क असलेले 94 जण निघाले. उरलेल्या 32 ओळी सभासदत्व सोडलेल्यांच्या, निधन झालेल्यांच्या आणि एका माजी कर्मचाऱ्याच्या आहेत. नव्या फाइलमध्ये त्या घेणार नाही.

प्रत्येकाने कळफलकावर स्वतः बसून पासवर्ड टंकायचा, मी मागे वळून उभे राहायचे, असा क्रम ठेवला. आदेश पासवर्ड दोनदा विचारतो आणि टंकताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, त्यामुळे पहिल्या तिघांना कळफलक बिघडला आहे असेच वाटले. पुढच्यांना ते आधीच समजावून सांगितले. शेवटी छोट्या 'व्ही'चा पर्याय वापरून प्रत्येकाकडून पासवर्ड एकदा पडताळून घेतला, म्हणजे घरी गेल्यावर अडचण येऊ नये.

दुपारपर्यंत 11 जण झाले होते. बाराव्या सभासदासाठी मी आधीचा आदेश कळफलकाच्या बाणाने परत आणला, तो सकाळचा पहिलाच आदेश होता, आणि त्यात नवी फाइल तयार करणारा छोट्या 'सी'चा पर्याय होता. हा पर्याय त्या नावाची फाइल आधीपासून असल्यास तिच्यातील सर्व मजकूर टाकून तिथे नव्याने लिहितो आणि तसे करण्यापूर्वी काहीही विचारत नाही. बारावा पासवर्ड नोंदला गेला आणि फाइलमध्ये एकच ओळ उरली. फाइल त्याच दिवशी सकाळी तयार झालेली असल्यामुळे रोज रात्री घेतल्या जाणाऱ्या राखीव प्रतीतही ती नव्हती.

मला हे लगेच जाणवले आणि मी सभागृहातच सर्वांसमोर सांगितले. 11 जणांना फोन करून परत बोलवावे लागले; त्यांतले दोघे पावसात जाळी दुरुस्त करायचे काम टाकून दुसऱ्यांदा आले. एक काका म्हणाले, "पोरा, गाठ सुटली तर परत मारायची, पण पहिली कशी सुटली ते बघून ठेव." त्यांचा वेळ माझ्यामुळे वाया गेला याचे मला मनापासून वाईट वाटते.

24 जून 2025

काकांनी सांगितले तसे केले. यापुढे एचटीपासवर्ड आदेश थेट चालवायचा नाही. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली : ती आधी फाइलची तारीख-वेळेसह प्रत घेते, फाइल अस्तित्वात नसेल तर काम थांबवते, 'सी'चा पर्याय कधीही वापरत नाही, पद्धत बीक्रिप्ट आणि श्रमांक 10 हे ठाम ठेवते, आणि शेवटी ओळींची आधीची व नंतरची संख्या दाखवते. एका वेळी एकच माणूस ती चालवू शकेल असे कुलूपही तिच्यात आहे, कारण लेखनिक ताई आणि मी एकाच क्षणी फाइल लिहिली तर एकाचा बदल हरवेल. या प्रतींमध्येही हॅश असतात, म्हणून त्यांच्या परवानग्या मूळ फाइलसारख्याच कडक ठेवल्या आहेत.

1 जुलै 2025

61 जण पूर्ण. पासवर्ड फाइल बदलल्यावर अपाची पुन्हा सुरू करावे लागत नाही, कारण ती प्रत्येक मागणीच्या वेळी वाचली जाते; फक्त कॉन्फिगरेशन बदलले तर आधी चाचणी आदेश देऊन मग रीलोड करायचे. हे लेखनिक ताईंना लिहून दिले.

8 जुलै 2025

सर्व सभासदांना फक्त सभासद विभाग आणि कार्यालयातील तिघांना हिशेब विभागही दिसावा, म्हणून गट फाइल जोडली. तिच्यात गटाचे नाव, अपूर्णविराम आणि पुढे मोकळ्या जागा सोडून वापरकर्त्यांची नावे असतात. डेबियनमध्ये यासाठीचे मॉड्यूल वेगळे सुरू करावे लागले.

जोडल्यानंतर एका सभासदाचा फोन आला की पासवर्ड बरोबर असूनही ब्राउझर तो पुन्हा पुन्हा विचारतो आहे. त्यांनी चुकून हिशेब विभागाचा दुवा उघडला होता. पासवर्ड बरोबर आहे पण परवानगी नाही, अशा वेळी अपाची 2.4 स्वतःहून 403 (मनाई) ऐवजी 401 (ओळख हवी) हेच उत्तर देते, आणि ब्राउझर त्याचा अर्थ 'पुन्हा विचारा' असा घेतो. 403 पाठवण्याची सेटिंग आहे, परंतु ती सुरू केली तर पासवर्ड बरोबर असल्याचे परक्या माणसालाही कळते. आमच्याकडे गोंधळ जास्त नुकसानकारक आहे असे मला वाटले, म्हणून ती फक्त हिशेब विभागासाठी सुरू केली आणि तिथे 'हे पान कार्यालयासाठी आहे' असा मराठी संदेश ठेवला.

कार्यालयातील एकाच संगणकावर अनेक जण बसतात, आणि बेसिक पद्धतीत बाहेर पडण्याचे बटण नसते. ब्राउझर बंद होईपर्यंत तो पासवर्ड लक्षात ठेवतो. म्हणून त्या संगणकावर सभासद विभाग खासगी खिडकीतच उघडायचा आणि काम झाले की ती बंद करायची, अशी सूचना लावली आहे.

21 जुलै 2025

चुकीच्या पासवर्डांचा मारा रोखण्यासाठी फेल2बॅन हा, वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना काही काळ अडवणारा प्रोग्रॅम बसवला. पाच चुकांनंतर दहा मिनिटे बंदी, ही त्याची मूळ मर्यादा आमच्याकडे त्रासदायक ठरली : मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना बाहेरून एकच आयपी पत्ता देतात, त्यामुळे एका सभासदाच्या चुकांमुळे बंदरातील इतर चौघांचाही प्रवेश थांबला. मर्यादा पंधरा चुकांवर नेली. एकूण 86 पूर्ण.

31 जुलै 2025

उद्यापासून नौका समुद्रात जातील. 94 पैकी 90 सभासदांची नोंदणी झाली. उरलेले चौघे मुंबईत आहेत आणि ते गणपतीला आल्यावर कार्यालयात येतील. त्यांना फोनवर पासवर्ड देण्याची विनंती मी नाकारली. जुनी फाइल आणि तिच्या सर्व प्रती आज सायंकाळी सर्व्हरवरून काढून टाकल्या.

6 ऑगस्ट 2025

नोंदणी झालेल्या एका ज्येष्ठ सभासदांचे गेल्या आठवड्यात निधन झाले. त्यांच्या परताव्याची रक्कम येणे आहे, आणि त्यांचा मुलगा वडिलांचाच पासवर्ड वापरून ती पाहत होता; ते त्याने स्वतःच कार्यालयात येऊन सांगितले. वारसाची नोंद व्हायला सोसायटीला थोडा वेळ लागेल. आज मोठ्या 'डी'च्या पर्यायाने वडिलांची ओळ पासवर्ड फाइलमधून काढली आणि गट फाइलमधूनही त्यांचा क्रमांक काढला, कारण तो तिथे राहिला तर त्या क्रमांकाची ओळ पुन्हा कधी तयार झाल्यास जुने हक्क आपोआप परत मिळतात. मुलाला नवा सभासद क्रमांक मिळाल्यावर त्याची स्वतःची ओळ तयार होईल. तोपर्यंत लेखनिक ताई त्याला परताव्याची स्थिती कागदावर काढून देणार आहेत. परवा नारळी पौर्णिमा आहे; त्यानंतरच्या सोमवारी तो कागदपत्रे घेऊन येईल.